कमी चाललेली जुनी गाडी घेताना आणि उभी ठेवताना या चुका टाळा

बडोद्यात ‘बारा वर्षांची, पण फक्त १८ हजार किलोमीटर चाललेली’ गाडी विकायला निघाली की घेणाऱ्यांची रीघ लागते. मुलं परदेशात, आईबाबांनी दांडिया बाजारातून भाजी आणण्यापुरती काढलेली. हिशेब करा: वर्षाला दीड हजार, म्हणजे दिवसाला जेमतेम चार किलोमीटर. तेवढ्यात इंजिन ऑइल पुरतं तापतच नाही. त्यात पाणी आणि न जळलेलं पेट्रोल साचत जातं आणि ऑइलचा गाळ होतो. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. काळा चिकट थर किंवा पांढरट साय दिसली, तर मीटरवरच्या आकड्याची किंमत तिथेच कमी करा.

मीटर बघणं, तारखा न बघणं

मीटर मागे फिरवता येतं, म्हणून सर्व्हिस बुक मागा. किलोमीटर झाले नसले तरी ऑइल वर्षातून एकदा बदललेलं हवं. क्लचच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड झिजलेली असेल तर १८ हजारांचा आकडा संशयास्पद समजा.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी दहा वर्षांचा टायर काढायचाच, कारण रबर उभ्या गाडीतही कडक होतं. इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा) असेल तर त्यालाही किलोमीटरइतकीच वर्षांची मर्यादा असते, ती मॅन्युअलमध्ये पाहा. अनेक इंजिनांत हा बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. टायर, बेल्ट, बॅटरी, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि होज पाइप यांचा खर्च भाव ठरवतानाच वजा करा.

पुराची गाडी न ओळखणं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं. बडोद्यात गाडी घेताना ही तपासणी कितीही घाई असली तरी सोडू नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाळाची रेघ किंवा ओलसर वास तिथे बऱ्याचदा राहतो. पायाखालचा कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. सीटच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज आहे का, स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची खूण आहे का, हे पाहा. डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कनेक्टर हिरवट झाले असतील तर व्यवहार सोडा. वरून गाडी कितीही चकचकीत असली तरी असे कनेक्टर पुढची दोन-तीन वर्षं त्रास देत राहतात.

कागदांत दोनच गोष्टी: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून पुन्हा करावी लागते, आणि सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी हवी.

उभी ठेवताना

सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकीची सवय म्हणजे आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालू करणं. बॅटरी भरत नाही, ऑइल तापत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो. काढायचीच तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका.

हँडब्रेक लावून महिनोन् महिने ठेवल्यास ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सात पीएसआय जास्त हवा भरा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, व्होल्टेज १२.४ व्होल्टपर्यंत उतरलं की चार्ज करा, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. सहा महिन्यांच्या आत परत काढणार असाल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषतं, म्हणून वर्षभराचा बेत असेल तर ते उपसून टाका. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ कोंडते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी लावा.

पुन्हा चालू करताना

थेट चावी फिरवणं हीच इथली चूक. पेट्रोल इंजिन वर्षाहून अधिक उभं असेल तर आधी एअर फिल्टरचा डबा उघडून उंदराचं घरटं आहे का पाहा. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये आणून क्रँक पुलीचा (इंजिनाच्या टोकावरच्या, बेल्ट फिरवणाऱ्या चाकाचा) बोल्ट पान्याने दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, मेकॅनिकला बोलवा. सहज फिरलं तर इग्निशन कॉइलचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांचे) कनेक्टर सोडा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, बॅटरीची सोडलेली तार जोडा आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंदच. त्यानंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, प्लग, कनेक्टर आणि फ्यूज बसवा, ताजं पेट्रोल घाला आणि इंजिन चालू करा.

ब्रेक आवारातच तपासा. मग दोन-तीन किलोमीटर जाऊन चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकला आहे, आणि तो सुटेपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नका.