लाल भोपळ्यावर ठाण्याचे चेहरे कोरताना

पोकळ करून आत दिवा लावलेल्या भोपळ्यावरचा चेहरा ओळखू येतो तो रेषांमुळे नव्हे, उजेड-सावलीमुळे. शाबूत साल म्हणजे काळोख. साल तासून उघडा पडलेला गर म्हणजे मंद तांबूस उजेड. आणखी खोल कोरून पातळ केलेला गर म्हणजे लख्ख उजेड. या तीन छटांत चेहरा बसला की काम झालंच म्हणून समजा.

म्हणून चेहरा निवडताना ठळक खूण शोधा. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला त्या मोहिमेचे नायक चिमाजी आप्पा पगडी आणि मिशांमुळे सोपे जातात. ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे दाढी आणि टिळ्यामुळे लांबूनही कळतात. जनकवी पी. सावळाराम यांची गाणी घरोघरी पोचली, पण चेहरा नव्या पिढीला माहीत असेलच असं नाही. तिथे खाली नाव मोठ्या अक्षरांत लिहाच.

भोपळा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात किंवा वाशीच्या घाऊक बाजारात स्वतः निवडून घ्या. ६ ते ८ किलोचा, देठ वाळलेला, नख दाबलं तरी न रुतणारा. आपल्या भोपळ्याला कंगोरे असतात, खोल खाच नाकावर आली तर नाकाचे दोन तुकडे दिसतात. त्यामुळे एखादी बाजू त्यातल्या त्यात सपाट असलेलाच घ्या. एक भोपळा जास्तीचा आणा.

झाकण वरून कापू नका. ते सुकून आकसतं आणि आत पडतं. तळाला हाताची मूठ जाईल एवढं भोक पाडा. बिया आणि धागे काढून चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून २ सेंटिमीटरपर्यंत खरवडा. निघालेला गर लगेच बाजूला ठेवा, घारग्यांना उत्तम. पुढे ब्लीच लागलं की तो खाण्याजोगा राहत नाही.

फोटो मोबाइलवर काळा, करडा आणि पांढरा अशा तीनच छटांत आणून १८ सेंटिमीटर उंचीचा छापा. कागद सपाट आणि भोपळा गोल, त्यामुळे कडांना चिरा देऊन, नाक सर्वांत फुगीर जागी ठेवून तो चिकटवा. छटा जिथे बदलते तिथे टाचणीने ३-३ मिलिमीटरवर भोकं पाडा. कागद काढून खडूची पूड चोळा, ठिपके उठून दिसतात. ते बॉलपेनने जोडा.

कोरायला मूर्तिकारांच्या कोरण्या किंवा लिनो कटर (ठसे कोरायच्या छोट्या कोरण्या) चालतात, सुरी फक्त तळासाठी. डोळ्यांपासून सुरुवात करा. नाजूक काम भिंत भक्कम असतानाच व्हायला हवं, गाल आणि कपाळाचे मोठे भाग शेवटी. मधली छटा सालीपासून ५ मिलिमीटर खोल, लख्ख छटेत ६ मिलिमीटर गर शिल्लक. दर दहा मिनिटांनी खोली अंधारी करून आत दिवा लावून पाहा, कारण दिवसा बरोबर वाटलेली खोली रात्री फसवते. बुबुळाची साल शाबूत ठेवा आणि तिच्यात वरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा एकच ठिपका आरपार पाडा. त्या ठिपक्याने नजर जिवंत होते. ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, नाहीतर माणूस तिरळा दिसतो.

नाकाचं टोक तुटलं तर टूथपिक खोचून तुकडा परत बसवा. कडा मलूल झाल्या तर भोपळा तासभर थंड पाण्यात बुडवा, गर पुन्हा ताठ होतो.

आपल्या दमट हवेत कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसच टिकतो, मार्चच्या उन्हात तर त्याहून कमी. तळावपाळीवरच्या, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या दिवाळी पहाटेसाठी मांडायचा असेल तर आदल्या दिवशीच कोरा. कोरून झाल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर ब्लीच घालून ते आतून-बाहेरून फवारा, उलटा ठेवून सुकवा आणि कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावा. ब्लीच व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आत पणती नको. तिच्या आचेने गर शिजतो आणि चेहरा आतून खचतो. बॅटरीवर चालणारा पिवळसर एलईडी दिवा लावा. मांडणी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मागे काळं कापड. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या लागतात. रस्त्यावर किंवा तलावाकाठी मांडणार असाल तर महापालिकेची परवानगी आधी घ्या. अलीकडच्या काळातल्या व्यक्ती असतील तर त्यांच्या घरच्यांनाही विचारा.

रोज सकाळी भोपळा उचलून तळ दाबून पाहा. तो मऊ लागला की त्याच दिवशी उतरवा. आपण मान देतो त्या माणसाचा चेहरा चारचौघांत बुरशी धरलेला दिसू देऊ नका. उतरवलेला भोपळा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाका, पण आधी चेहऱ्याची बाजू कापून बारीक तुकडे करा.