वाळूमाशीपासून घर आणि गोठा कसा राखावा

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे पिंपं भरून ठेवायची आणि डेंग्यूच्या धाकाने आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा, हे आपल्या अंगवळणी पडलंय. वाळूमाशीला त्याने काडीचा फरक पडत नाही. ती पाण्यात अंडी घालतच नाही; तिला लागते भिंतीची भेग आणि शेणामुताने ओली राहिलेली माती.

तिच्यामार्फत पसरणारा काला आजार, म्हणजे परजीवीमुळे येणारा, न हटणारा ताप आणि पानथरी (प्लीहा) वाढवणारा रोग, मुख्यतः बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमधला. सोलापूर त्या पट्ट्यात नाही. पण त्याच जातकुळीच्या परजीवींमुळे होणारा त्वचेचा आजार पूर्वी बिकानेरकडचा समजला जायचा, तो पुढे हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आणि केरळातही आढळला. शिवाय १९६५ साली नागपूर जिल्ह्यात सापडलेला चांदिपुरा विषाणूही (लहान मुलांना ताप आणि मेंदूला सूज आणणारा) वाळूमाशीच पसरवते. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण घर नीट करायला हरकत कसली?

आधी माशी ओळखा. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन गोठ्याची भिंत खालून वर बघत जा. दोन-तीन मिलिमीटरची, मातकट, लवदार माशी, पंख पाठीवर उभे धरून बसलेली. हुसकावली तर सरळ उडत नाही, टुणटुण उड्या मारत थोडी पुढे जाऊन बसते. गुणगुण करत नाही, त्यामुळे चावल्यावरच कळतं.

मग भिंती. पांढऱ्या मातीच्या जुन्या घरांत आणि माळवदांत भेगा असायच्याच. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच्या भेगा आधी बुजवा, कारण माशी बहुतेक तेवढ्यातच बसते. गिलावा करून वर चुना मारला तर उत्तम. आरोग्य खात्याची फवारणी होणार असेल तर लिंपण, रंग सगळं तिच्याआधी उरका. फवारलेली भिंत दुसऱ्याच दिवशी सारवली की औषध मातीखाली गेलं. पुढचे तीन महिने हात लावू नका.

गोठ्यातलं शेण रोज उचला, मूत वाहून जाईल असा उतार काढा, उकिरडा घरापासून लांब हलवा. कडबा आणि सरपण घराच्या भिंतीला टेकवून रचू नका. हे शेवटचं सांगितलं की घरातली मोठी माणसं कुरकुरतात, पण ऐकू नका.

उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्यांनी जमिनीवर सतरंजी न टाकता बाज घ्यावी. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आत शिरते, म्हणून बारीक जाळीची किंवा औषध लावलेली घ्या. पंखा असेल तर लावा, वाऱ्यात तिला उडता येत नाही.

ताप दोन आठवडे हटत नसेल, मलेरिया-टायफॉइडची औषधं लागू पडत नसतील, वजन घटत असेल, डाव्या बरगडीखाली पानथरी वाढून जड वाटत असेल, तर सिव्हिलला जा. रुग्ण काला आजाराच्या भागात राहून आला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होणारी काला आजाराची आरके-३९ चाचणी काही मिनिटांत उत्तर देते आणि एका दिवसाच्या सलाइनमधून औषधोपचार होऊ शकतो. बरं झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, अंगावर फिकट चट्टे उठले तर ते कोड समजून घरी बसू नका. त्या चट्ट्यांतही परजीवी असतात आणि तिथे चावलेली माशी ते पुढच्याला देऊ शकते.