अमेरिकेतल्या केसची बातमी कशी वाचायची: आरोपी रात्री कुठे झोपला ते आधी बघा

आमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी मामा अमेरिकेतल्या कुठल्यातरी केसची लिंक टाकतो आणि खाली लिहितो, बघ रे, तुमच्याकडे कायदा सगळ्यांना सारखा. पुढच्या महिन्यात बरोब्बर उलटं, तुमच्याकडे पण पैसेवाले सुटतातच की. दोन्ही वेळा त्याने फक्त हेडिंग वाचलेलं असतं. मी न्यू जर्सीत राहणारा साधा आयटीवाला, वकील वगैरे अजिबात नाही, पण या केसेस वाचायचा नाद आहे, तर त्या कशा वाचायच्या ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे मामाला पण हीच लिंक देता येईल.

आपली पहिली चूक म्हणजे आपण निकालापासून सुरू करतो. किती वर्षं लागली, सुटला का, एवढंच. पण इथे पैसा निकालाच्या दिवशी फारसं काही करत नाही, त्याचं काम त्याच्या खूप आधी होऊन गेलेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधायची, अटक झाली त्या रात्री आणि त्यानंतर केस चालू असताना हा माणूस कुठे झोपत होता? स्वतःच्या घरी की कोठडीत?

कलीफ ब्राउडरची केस घ्या. २०१० चा मे महिना, न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, १६ वर्षांचा पोरगा, आरोप काय तर एक बॅकपॅक चोरली. जामीन ३,००० डॉलर. घरच्यांकडे तेवढे नव्हते, पोरगा रायकर्स आयलंडच्या जेलमध्ये गेला. पुढे तो आधीच्या एका केसमध्ये प्रोबेशनवर, म्हणजे नीट वागायच्या अटीवर बाहेर, होता म्हणून जामीनच बंद झाला, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत पैसे असते तर भरून सुटता आलं असतं, नंतर तो दरवाजाच उरला नाही. तीन वर्षं तिथे काढली, त्यातली जवळपास दोन एकट्याच्या कोठडीत, आणि खटला उभाच राहिला नाही. नुसत्या तारखा. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये त्याने घरी आत्महत्या केली, वय २२. शहराने २०१९ मध्ये कुटुंबाला ३३ लाख डॉलर दिले. ही केस शेवटावरून वाचायला गेलात तर शेवट काय? आरोप मागे, सुटलाच की. न्याय झाला म्हणून मोकळे व्हाल.

आता सॅम बँकमन-फ्राइड. क्रिप्टोवाला, अब्जावधींचा घोटाळा. डिसेंबर २०२२ मध्ये हेडिंग आलं, २५ कोटी डॉलरचा जामीन! मामा म्हणाला, बापरे, एवढे भरले? काहीच भरले नव्हते. इथे थांबून नीट वाचायचं, कारण बाँडचा, म्हणजे हमीचा, आकडा आणि प्रत्यक्ष भरलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या आईवडिलांचं कॅलिफोर्नियातलं घर तारण ठेवलं, आणखी दोघांनी हमी दिली, आणि गडी त्याच घरी जाऊन झोपला. साक्षीदारांवर दबाव आणायचा प्रयत्न दिसला तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये जामीन रद्द झाला, पण तोपर्यंत आठ महिने वकिलांसोबत आपल्या टेबलावर बसून तयारी करायला मिळाली ना.

साध्या माणसाचं गणित वेगळं असतं. समजा स्टेटच्या कोर्टाने १०,००० डॉलर जामीन लावला. ते नाहीत, म्हणून तो बेल बाँड्समनकडे जातो, हा इथला एक अधिकृत धंदा आहे, तुमच्या वतीने कोर्टाला हमी देतो आणि फी घेतो साधारण १० टक्के. हे १,००० डॉलर परत मिळत नाहीत, उद्या निर्दोष सुटलात तरी नाही. श्रीमंताने रोख भरले तर तारखांना हजर राहिल्यावर ते परत येतात. म्हणजे गरिबाला जामीन महाग पडतो, शब्दशः. हे बघून इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच काढून टाकला, तेव्हा बातमी कुठल्या स्टेटची आहे हे बघायला विसरू नका. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात खेळ अजून वेगळा, तिथे पैशापेक्षा पळून जाईल का, धोका आहे का हे जास्त बघतात.

मग दुसरं बघायचं ते प्ली डील. आपल्याला सिनेमातून वाटतं की इथे सगळं ज्युरीसमोर होतं, पण फेडरल कोर्टात जे दोषी ठरतात त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक खटला न चालवता स्वतःच गुन्हा कबूल करून मोकळे होतात. आणि कबूल कोण लवकर करतो? जो आत बसलाय तो. नोकरी चाललीये, भाडं थकलंय, पोरं शेजाऱ्यांकडे आहेत आणि सरकारी वकील म्हणतो सही कर, आज घरी जा. ब्राउडरला पण शेवटी हेच सांगितलं होतं, किरकोळ गुन्हे कबूल कर, आत काढलेले दिवस धरतो, घरी जा. पोरगा नाही म्हणाला, मी केलंच नाही तर कबूल का करू. मला ते वाचून आजही कसंतरी होतं, कारण मी नक्की सही केली असती.

केली पण आहे, छोट्या प्रमाणात. काही वर्षांपूर्वी मला स्पीडिंगचं तिकीट मिळालं. न्यू जर्सीत एक सोय आहे, स्पीडिंगऐवजी अनसेफ ड्रायव्हिंग कबूल करायचं, लायसन्सवर पॉइंट, म्हणजे चुकांचे गुण, येत नाहीत, पण दंडाशिवाय वर २५० डॉलर सरचार्ज भरायचा. मी वकील केला, अर्धा दिवस रजा टाकली, कार्ड स्वाइप केलं, पॉइंट शून्य, इन्शुरन्स वाढला नाही. माझ्या पुढे एक माणूस होता, अंगावर गोडाऊनचं जॅकेट, एकटाच आला होता, त्याने पैसे किती होतील विचारलं, थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि पॉइंट घेतले. त्या पॉइंटांमुळे त्याचा इन्शुरन्स वाढला असणार, म्हणजे शेवटी त्याने माझ्यापेक्षा जास्तच भरले असतील, फक्त हप्त्याहप्त्याने. कुणी लाच दिली नाही, कुणी फोन केला नाही. सगळं कायदेशीर. मामाला हे पटतच नाही, त्याच्या मते पैसा म्हणजे पाकीट.

तिसरं वकिलाचं, ते बघताना नाव कमी आणि वेळ जास्त बघा. १९६३ च्या गिडियन केसपासून, जेलमधून पेन्सिलीने अर्ज लिहिणाऱ्या फ्लोरिडाच्या एका गरीब कैद्यामुळे, गंभीर गुन्ह्यात ज्याला परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यायचाच असा नियम झाला. असे सरकारने दिलेले वकील म्हणजे पब्लिक डिफेंडर, ते वाईट असतात असं अजिबात नाही, कित्येक तर फार हुशार असतात, पण हातात केसेस किती? २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पब्लिक डिफेंडर ऑफिसने गंभीर केसेस घ्यायलाच नकार द्यायला सुरुवात केली, माणसंच पुरत नव्हती. तिकडे १९९५ मध्ये ओ. जे. सिम्प्सनकडे वकिलांची अख्खी फौज होती, डीएनएचा पुरावा कसा गोळा केला, कुणी हाताळला, कुठे ठेवला, एकेका गोष्टीवर दिवसेंदिवस उलटतपासणी. सामान्य आरोपीच्या केसमध्ये पण लॅबच्या चुका असू शकतात, पण त्या शोधायला एक्स्पर्ट लागतो आणि एक्स्पर्ट तासावर पैसे घेतो.

चौथं, आणि हे बहुतेक लोक बघतच नाहीत, जी केस उभीच राहिली नाही ती. बातमीत डिफर्ड प्रॉसिक्युशन किंवा नॉन-प्रॉसिक्युशन अ‍ॅग्रीमेंट असे शब्द दिसले की कान टवकारायचे. अर्थ असा की सरकार म्हणतं आम्ही खटला पुढे ढकलतो किंवा चालवतच नाही, तुम्ही अमुक अटी पाळा. एचएसबीसी बँकेने मेक्सिकोतल्या ड्रग कार्टेलांचा पैसा फिरू दिला, २०१२ मध्ये १.९ अब्ज डॉलर देऊन असंच प्रकरण मिटलं, बँकेतलं कुणी जेलमध्ये गेलं नाही. आणि जेफ्री एपस्टाइन, अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेला श्रीमंत माणूस. २००७ मध्ये फ्लोरिडात फेडरल सरकारी वकिलांनी त्याच्याशी नॉन-प्रॉसिक्युशन करार केला, पीडित मुलींना न कळवता. २००८ मध्ये त्याने स्टेट कोर्टात दोन गुन्हे कबूल केले, १८ महिन्यांची शिक्षा, काढले साधारण १३, त्यातही वर्क रिलीजवर, म्हणजे कामासाठी बाहेर जायच्या परवानगीवर, दिवसाला १२ तास, आठवड्यातले ६ दिवस ऑफिसात. आता माझा पहिला प्रश्न इथे लावा, रात्री कुठे झोपला? जेलमध्ये. हो, पण फक्त रात्रीच. म्हणजे हा प्रश्न पण आंधळेपणाने वापरायचा नाही, दिवसा कुठे होता हे पण विचारायचं.

शिक्षेची तुलना करायची तर सारख्याशी सारखं ठेवा, खुनाशी घोटाळा नको. अभिनेत्री फेलिसिटी हफमनने मुलीच्या कॉलेज अ‍ॅडमिशनसाठी परीक्षेचे मार्क वाढवून घ्यायला १५,००० डॉलर दिले, २०१९ मध्ये १४ दिवसांची शिक्षा. ओहायोच्या अ‍ॅक्रनमध्ये एका आईने मुलींना चांगल्या शाळेत घालायला आपल्या वडिलांचा पत्ता दिला, २०११ मध्ये ९ दिवस जेल. दिवस जवळजवळ सारखे, आणि गुन्हे? एकीने परीक्षाच विकत घेतली, दुसरीने पत्ता खोटा दिला. शिवाय त्या आईवर फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, शिक्का बसला होता, तो नंतर राज्यपालांनी कमी केला.

आता देवयानी खोब्रागडेंबद्दल लिहिल्याशिवाय मराठी माणसाची गाइड पूर्ण कशी होणार. डिसेंबर २०१३, न्यूयॉर्कमधल्या आपल्या डेप्युटी कॉन्सुल जनरल, घरकाम करणाऱ्या बाईच्या व्हिसाच्या कागदांवर पगार जास्त दाखवला आणि दिला कमी असा आरोप, अटक, कपडे काढून झडती. आपल्याकडे केवढा संताप, दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे बॅरिकेड काढले. मी पण चिडलो होतो. पण मार्शल्स, म्हणजे फेडरल कोर्टाचे पोलीस, म्हणाले ही झडती नेहमीचीच पद्धत आहे, आणि खरी वाचायची ओळ तीच होती. जे तिथे रोज साध्या बायांशी होतं ते पद असलेल्या बाईशी झालं तेव्हा दोन देशांचं भांडण झालं. त्या २,५०,००० डॉलरच्या बाँडवर त्याच दिवशी सुटल्या, जानेवारीत राजनैतिक संरक्षण मिळून भारतात परतल्या, आरोप कोर्टात कधी तपासलेच गेले नाहीत. मग त्या बाईच्या पगाराचं काय झालं? आमच्या घरात तरी त्यावर कुणी बोललं नाही, मी धरून.

मग पैसेवाला नेहमीच सुटतो का, तर नाही. गुंतवणूकदारांचे अब्जावधी बुडवणारा बर्नी मॅडॉफ अटकेनंतर मॅनहॅटनच्या पेंटहाउसमध्येच नजरकैदेत होता, आणि २००९ मध्ये १५० वर्षं लागली. राज राजारत्नम, इनसायडर ट्रेडिंग म्हणजे कंपनीची आतली माहिती वापरून शेअरचे सौदे, १०० मिलियन डॉलरचा जामीन आणि तरी २०११ मध्ये ११ वर्षं. त्याच प्रकरणात रजत गुप्ता, मॅकिन्सीचे माजी प्रमुख, त्यांच्यासाठी बिल गेट्स आणि कोफी अन्नान यांनी जजला पत्रं लिहिली, शिक्षा २ वर्षं. अशी पत्रं कुणीही देऊ शकतं बरं का, नियमच आहे, फक्त गोडाऊनवाल्याचं पत्र त्याचा सुपरवायझर लिहितो. माझं आपलं निरीक्षण, ज्यांचे पैसे बुडाले तेही वजनदार असले की इथला कायदा फार तत्पर होतो. एपस्टाइनच्या केसमध्ये पुढे होत्या शाळकरी मुली, मॅडॉफच्या केसमध्ये श्रीमंत गुंतवणूकदार आणि मोठमोठ्या धर्मादाय संस्था.

शेवटी प्रॅक्टिकल. पत्रकाराने काय लिहिलं यावर थांबू नका, कागद बघा. फेडरल केसेसचे पेसर नावाच्या साइटवर मिळतात, पानाला १० सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच लागत नाही. बेल ऑर्डर (जामिनाचा आदेश) आणि सेंटेन्सिंग मेमो (शिक्षा किती असावी यावर वकिलांनी दिलेलं म्हणणं) हे दोनच उघडले तरी खूप कळतं. स्टेटच्या केसेस मात्र तिथे नसतात, आणि गरिबांच्या बहुतेक केसेस स्टेटच्याच. त्यासाठी त्या त्या काउंटीच्या कोर्ट क्लर्ककडे जावं लागतं, काही ठिकाणी साइट धड चालत नाही आणि कॉपी हवी असेल तर पानामागे पैसे मागतात.