ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व मागणाऱ्या न्यूझीलंडवासीयांनी या चुका टाळाव्यात

ऑस्ट्रेलियात ४४४ व्हिसावर (न्यूझीलंडच्या नागरिकांना तिथे राहण्यासाठी व काम करण्यासाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा) राहणाऱ्या न्यूझीलंडच्या नागरिकांना १ जुलै २०२३पासून, कायम वास्तव्याचा व्हिसा आधी न घेता, थेट नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. फेब्रुवारी २००१मध्ये नियम कडक झाल्यापासून वर्षानुवर्षे कर भरूनही अधांतरी राहिलेल्या कामगारांना या बदलाने उशिरा का होईना, न्याय मिळाला. मात्र ऐकीव, जुन्या माहितीवर विसंबून कोणी अर्जच करत नाही, तर कोणी घाईने करून बसतो.

पगार कमी असेल तर अर्ज करता येत नाही, हा असाच एक जुना समज. किमान उत्पन्नाची अट न्यूझीलंडवासीयांसाठी २०१७मध्ये सुरू झालेल्या, १८९ या कायम वास्तव्याच्या व्हिसाच्या खास मार्गाला होती. तो मार्ग आता बंद झाला आहे. नव्या पद्धतीत उत्पन्न किंवा व्यवसाय पाहिला जात नाही, त्यामुळे कमी पगाराच्या कामगाराने मागे राहण्याचे कारण नाही.

खरी गफलत होते ती दिवसांच्या हिशेबात. अर्जाच्या तारखेपूर्वीची सलग चार वर्षे ऑस्ट्रेलियात कायदेशीर वास्तव्य हवे. त्या काळात देशाबाहेरचे एकूण दिवस बारा महिन्यांपेक्षा आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त नसावेत. बारा महिन्यांची अट सर्वांच्या लक्षात राहते, ९० दिवसांची निसटते. समजा, आजारी आईच्या शुश्रूषेसाठी कोणी १ जून २०२५ रोजी ऑकलंडला गेला आणि २० सप्टेंबरला परतला. त्याची चार वर्षे फेब्रुवारी २०२६मध्ये पुरी होत असली, तरी तेव्हा केलेला अर्ज या अटीत बसणार नाही. जूनअखेरपर्यंत थांबल्यास सुरुवातीचे दिवस हिशेबातून आपोआप गळतील. आठवणीवर भिस्त न ठेवता गृह विभागाकडून आपल्या प्रवासाची नोंद मागवून घ्यावी.

४४४ व्हिसा न्यूझीलंडच्या नागरिकालाच मिळतो. न्यूझीलंडमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या, पण भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या व्यक्तीला हा मार्ग खुला नाही.

१ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मुलाच्या आईकडे किंवा वडिलांकडे जन्मावेळी ४४४ व्हिसा असेल, तर ते मूल जन्मतःच नागरिक ठरते. त्याच्यासाठी नागरिकत्वाचा अर्ज करू नये, नागरिकत्वाचा पुरावा मागावा.

मंजुरीचे पत्र हाती आले की काम झाले, असे समजू नये. बहुतेक प्रौढ अर्जदार समारंभात प्रतिज्ञा घेतल्यावरच नागरिक होतात. ऑस्ट्रेलियन पासपोर्टसाठी अर्ज त्यानंतरच करावा.