वाढीव वॉरंटी घ्यावी का, टायर बदलावेत का? एस्टिमेटवर सही करण्याआधी हे बघा

गाडी तीन वर्षांची व्हायला आली की सर्व्हिसच्या दिवशी दोन वाक्यं हमखास एकत्र कानावर पडतात: "सर, वॉरंटी संपतेय, वाढवून घ्या" आणि "पुढचे टायर गेलेत, आजच टाकू का?" दोन्हींचा आकडा एकाच एस्टिमेटवर येतो आणि घाईत आपण एकतर दोन्हींना हो म्हणतो, नाहीतर दोन्हींना नाही. मुळात टायरचा निर्णय डोळ्यांनी बघून घ्यायचा असतो आणि वॉरंटीचा कागदावर हिशेब मांडून. पैसे एकापुरतेच असतील तर आधी टायर. वॉरंटी नसली तर खर्च वाढू शकतो, टायर दगा देतो तेव्हा आत माणसं बसलेली असतात.

टायर स्वतः बघा

स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या टायरचा पृष्ठभाग नीट दिसेल. नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात, आणि कारच्या टायरची कायदेशीर मर्यादाही तेवढीच आहे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली असेल तर चर्चा संपली, टायर बदला. मी स्वतः तिथपर्यंत थांबत नाही. खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं, आणि त्या उथळ झाल्या की भर पावसात टायर रस्त्याऐवजी पाण्यावर तरंगतो. खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल आणि पुढे पावसाळा असेल, तर मे महिन्यातच बदलून घ्यावेत.

झीज कुठे झाली आहे तेही बघा, कारण टायरवाला हे आपणहून सांगेलच असं नाही. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असते, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन आणि दिशा, बिघडलेली असते. तसं असेल तर आधी ती दुरुस्त करा, नाहीतर नवे टायरही तसेच झिजतील. हवेचा योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा तपासायची ती टायर थंड असताना.

मग वय. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात: '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. शहरात फक्त शनिवार-रविवारी निघणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण उन्हातान्हात उभं राहून रबर कडक झालेलं असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. बाजूला बारीक भेगा दिसल्या की नक्षीकडे बघत बसू नका.

बाजूला फुगा आला असेल तर त्या टायरचा भरवसा धरू नका. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात, पॅच लावून ते जोडले जात नाहीत. इथे विम्याची एक अट लक्षात ठेवा: नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर भरपाई नसते. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरची निम्मी किंमत मिळते.

हायवेवर जाणाऱ्यांनी तर जास्तच कडक राहावं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० चा वेग चालतो. तासन्‌तास तसा वेग, वर विदर्भातलं ऊन आणि त्यात कमी हवा, म्हणजे टायर तापणारच. २०२३ मध्ये आरटीओने तिथे टायर तपासायला सुरुवात केली होती आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

खरेदी करताना

'१८५/६५ आर१५ ८८एच' असा जो मजकूर टायरवर असतो तो पूर्ण जुळवा. शेवटचा आकडा टायर किती वजन पेलेल याचा आणि शेवटचं अक्षर तो किती वेग सोसेल याचं. ही दोन्ही मूळ टायरपेक्षा खालची नकोत. स्वस्तात मिळणाऱ्या टायरची गोम बऱ्याचदा इथेच असते. भाव सर्व्हिस सेंटरबरोबर बाहेरच्या दोन दुकानांतही विचारा, फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह आणि जुन्या टायरची वजावट धरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीच्या बिलाशी तुलना करू नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची मला गरज वाटत नाही, साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं फार अवघड असतं.

आता वॉरंटी

पहिल्यांदा हातात काय आहे ते बघा. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. म्हणजे शेजाऱ्याची गाडी त्याच मॉडेलची असली तरी तारखेमुळे त्याचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही. 'वर्षं किंवा किलोमीटर' यातलं जे आधी पूर्ण होईल तिथे वॉरंटी संपते. वर्षाला २५,००० किलोमीटर चालवणाऱ्याने पाच वर्षं किंवा एक लाखाची वॉरंटी घेतली, तर ती चौथ्या वर्षीच संपेल आणि पाचव्या वर्षाचे पैसे पाण्यात.

मग गाडीचा स्वभाव. साधं पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, कमी रनिंग आणि वर्ष-दीड वर्षात विकायचा बेत असेल तर मी वॉरंटी घेणार नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो, मोठी टचस्क्रीन असेल आणि गाडी सहा-सात वर्षं ठेवायची असेल तर मात्र घेईन. अशा गाडीत एकच मोठा भाग गेला तरी त्याचं बिल वॉरंटीच्या रकमेपेक्षा बरंच मोठं येऊ शकतं. गिअरबॉक्स, एसी कॉम्प्रेसर आणि स्टेअरिंग असेंब्लीचा आजचा भाव पार्ट्सच्या काउंटरवर विचारा आणि तो वॉरंटीच्या रकमेशेजारी लिहा.

माहितीपत्रकात 'काय मिळणार' याआधी 'काय मिळणार नाही' ते वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर यांसारखे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. टायरची वॉरंटी टायर कंपनीची वेगळी असते. इंजिनात पाणी शिरलं तर वॉरंटी उपयोगी पडत नाही, त्यासाठी विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर लागतं. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगलीकरांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा, आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारू नये.

प्रमाणपत्रावर गाडीच्या कंपनीचं नाव आहे की डीलरचं, तेही बघा. डीलरची योजना असेल तर दुसऱ्या शहरात काम होईल का, हे लेखी घ्या. सर्व्हिस चुकवणं, बाहेरून सीएनजी किट बसवणं, स्टिरिओसाठी वायर कापणं या कारणांवरून दावे अडतात. "आजच घ्या" म्हणाले तर मूळ वॉरंटीची शेवटची तारीख विचारा. ती संपेपर्यंत बहुतेक कंपन्या वाढीव वॉरंटी देतात, फक्त उशिरा घेतली तर दर वाढलेला असू शकतो.

दावा नाकारला तर कारण जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून मागा, सर्व्हिसची सगळी बिलं जोडा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.