जुन्या डिझेल पिकअपचा गिअर बॉक्स उतरवण्याआधी

गेल्या हंगामात चौसाळ्याहून कापूस भरून बीडला येत होतो. मांजरसुंबा घाट उतरताना दुसरा गिअर सुटून न्यूट्रलला आला आणि भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर आली. कशीबशी कडेला घेतली. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक पिकअपवाल्याला सांगतो, बॉक्स बोलायला लागला की त्याच आठवड्यात तपासा. बरीचशी तपासणी घरच्या अंगणात होते.

आधी क्लच बघा. गाडी सपाटीला लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. बंद इंजिनावर गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनावर कर्रकर्र करतात, तर दोष बहुधा बॉक्सचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायची तर क्लच दाबून मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) नसते, म्हणून क्लच थोडा जरी धरत असला तरी तिथे लगेच कळतो. हायड्रॉलिक क्लच असेल तर डबीतलं तेल आणि खालच्या सिलिंडरची गळती पाहा. यासाठी बॉक्स उतरवू देऊ नका.

मग कान लावा. न्यूट्रलला, क्लचवरचा पाय काढून घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर बॉक्समधलं बेअरिंग गेलंय, बहुधा इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं. उलट क्लच दाबल्यावर आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पाय दाबला की क्लच सोडवणारं बेअरिंग. चालत्या गाडीत पहिल्या तीन गिअरला आवाज आणि चौथ्याला शांत, असं असेल तर संशय खालच्या शाफ्टवर घ्या. अनेक बॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे इंजिनाची ताकद थेट पुढे जाते, भार खालच्या शाफ्टवरून जातच नाही. फक्त एकाच गिअरला, तोही वरून खाली टाकताना कर्रकर्र होते, तेव्हा त्याची पितळी सिंक्रो रिंग झिजलेली असते.

आता बॉक्सचं ऑइल. आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा खोला. ऑइल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलम दिसलं तर घाबरू नका. ऑइल बोटांवर घेऊन उन्हात धरा: सोनेरी चमक म्हणजे रिंग झिजतेय, नखात टोचणारे लोखंडी तुकडे म्हणजे दात किंवा बेअरिंग तुटतंय. असे तुकडे निघाले तर गाडी चालवू नका.

नवं ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या. अनेक जुन्या बॉक्सना 80डब्ल्यू-90 (हा घट्टपणा), जीएल-4 (हा दर्जा) लागतं. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गोळ्याचं) जीएल-5 उरलंय म्हणून तेच ओतलं जातं. त्यातलं गंधक पितळी रिंग खाऊ शकतं.

माझ्या गाडीत ऑइल जेमतेम उरलं होतं. वरचा ब्रीदर, म्हणजे बॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, आपल्या काळ्या मातीच्या चिखलाने पार बुजला होता. बॉक्स तापला की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलत होता, आणि कोरड्यात चालून दुसऱ्या गिअरचे अडकायचे दात गोल झाले होते. पावसाळा संपला की ब्रीदर काढून डिझेलने धुवा.

गिअर सुटत असेल तर आधी बॉक्सचं रबर माउंटिंग आणि लिव्हरचा बुश तपासा, ते स्वस्तातलं काम आहे. लिव्हर हाताने धरून गाडी दामटू नका, त्याने फोर्क (बॉक्समध्ये गिअर सरकवणारा काटा) झिजतो.

बॉक्स उतरवावाच लागला तर नुसत्या जॅकवर कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका, स्टँड लावा. त्याच वेळी क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील बघून घ्या. पुन्हा उतरवायची मजुरी वाचते. जुने भाग मागून घ्या. नंतर चार-पाच दिवस अर्धाच माल भरा आणि बोल्ट व ऑइलची पातळी पुन्हा पाहा.