कान्हेरी बघायची तर आधी सोपारा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची बौद्ध लेणी बघायला येतो म्हणणाऱ्यांना मी आधी मुंबईच्या फोर्टात पाठवते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याच्या शिलालेखाचा तुकडा आहे, अशोकाच्या आठव्या आदेशाचा. शिकारीच्या विहारयात्रा सोडून, अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर आपण बोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या, असं त्या आदेशात आहे. तीर्थयात्रेचा इतका जुना लेख आपल्या पश्चिम रेल्वेवर सापडलाय!

मग नालासोपारा पश्चिम. रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगा. जुनं नाव बुरूड राजाचा कोट. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे आणि सोन्याची फुलं. ते तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे, असं पंडितजींचं मत होतं. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही मिळालं. हे नाव लक्षात ठेवा. स्तूपाला उजवी घालून शांतपणे फिरा, विटा बघा, वर चढू नका.

कान्हेरीला सकाळीच पोचा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. बोरिवलीच्या गेटपासून लेणी आत सहा-सात किलोमीटर आहेत, पाणी आणि टॉर्च हवाच. बहुतेक लोक तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, उंच बुद्धमूर्तींसोबत फोटो काढून परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. वर चढा. पाऊस नुकताच संपलेला असला तर कातळात खोदलेल्या पन्हळी टाक्यांपर्यंत पाणी कसं नेतात ते डोळ्यांनी दिसतं. एवढ्या भिक्खूंची वस्ती या पाण्यावर टिकली.

लेख वाचायला टॉर्च समोरून मारायचा नाही. भिंतीला चिकटवून आडवा धरा, अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि सपाट वाटलेला दगड बोलायला लागतो. आधी ‘देयधम’ शोधा, म्हणजे दान. लिपी ब्राह्मी आहे, त्यातला ‘ध’ ताणलेल्या धनुष्यासारखा, तो सापडला की शब्द सापडतो. खडू, पाणी, पावडर काही लावायचं नाही, बोटसुद्धा नाही.

८१ नंबरचं लेणं चुकवू नका. तिथला लेख यज्ञश्री सातकर्णीच्या १६व्या वर्षाचा, म्हणजे सोपाऱ्याच्या नाण्यावरचाच राजा. कल्याणच्या व्यापाऱ्यानं लेणं दिलं, खर्चाला २०० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव आणि मंगलथान गावचं शेत दिलं. ते मंगलथान म्हणजे बोरिवलीचं मागाठाणे. परतीच्या वाटेवर तिथंही जा. लहानशी लेणी आहेत, चहूबाजूंनी घरं आलीत, त्यामुळे आधी आसपासच्या लोकांना विचारून मगच आत शिरा.